पहाऱ्यातला नाताळ

तेवीस डिसेंबरला सकाळी साडेनऊ वाजता प्रेमिलाबाई बोर्डे यांना अटक झाली. निदान फोनवरच्या माणसाने त्यांना तसं सांगितलं, आणि त्यांना ते खरं वाटलं.

बाई एकाहत्तर वर्षांच्या. शहरातल्या सदर भागातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर सदरचं भाड्याचं घर सोडलं आणि शहराच्या टोकाला, बेशाला, एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट घेतला. इमारतीतले अर्धे फ्लॅट अजून रिकामेच होते. समोरच्या दाराला कुलूप, खालच्या मजल्यावर सुतारकाम चाललेलं. नाताळला दोन दिवस उरले होते. बाईंनी करंज्यांचं सारण परतून ठेवलं होतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर गव्हाणीचा देखावा मांडायला मातीच्या मूर्तींचं खोकं काढलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

व्हिडिओवर खाकी वर्दीतला माणूस होता. मागे भिंतीवर झेंडा, टेबलावर फायली. तो हिंदीत बोलत होता. बाईंच्या नावाने परदेशात गेलेल्या एका पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, चौकशी गुप्त आहे, ती संपेपर्यंत बाई घरातच अटकेत आहेत. फोन कॅमेऱ्यासमोरून हलवायचा नाही. कोणाशी बोलायचं नाही. ज्याच्याशी बोलाल त्यालाही उचलावं लागेल.

अशा बातम्या बाईंनी पेपरात वाचल्या होत्या, आणि वाचताना लोक इतके कसे फसतात असंही त्यांना वाटलं होतं. पण त्या माणसाला त्यांचा आधार नंबर पाठ होता. वडिलांचं नाव, पेन्शनचं खातं, सदरच्या जुन्या घराचा पत्तासुद्धा. तो पत्ता त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा बाई खुर्चीवर बसल्या. त्यानंतर त्या खुर्चीवरून उठायचं तर त्यांना विचारावं लागत होतं.

पाणी प्यायचं तर विचारून. बाथरूमला जायचं तर विचारून, आणि तीन मिनिटांत परत. फोन पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला होता, त्याला चार्जर लावलेला. दुपारी वर्दीतल्या माणसाचं लक्ष कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेलं.

“त्यात काय आहे? एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरा.”

बाईंनी एकेक मूर्ती वर्तमानपत्राच्या कागदातून सोडवली आणि फोनसमोर धरली. हा कोण, असं तो प्रत्येक वेळी विचारी. बाईही हिंदीत सांगत गेल्या. ही मरिया, आई. हा योसेफ, सुतार. सरकारने शिरगणतीचा हुकूम काढला म्हणून ही दोघं दिवस भरत आलेले असताना गावाला निघाली. तिथे मुक्कामाला जागा मिळाली नाही. हे मेंढपाळ. हे पूर्वेकडून आलेले ज्ञानी.

“तिघेच?”

“किती होते ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. भेटी तीन होत्या, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली.”

त्याने बैल आणि गाढव उलटे करून दाखवायला लावले. आत काही लपवलंय का ते त्याला पाहायचं होतं. चाळीस वर्षं जपलेल्या मूर्ती बाई उलट्या धरत होत्या आणि मेंढपाळाचा टवका उडाला तरी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. परीक्षेत उत्तरं देणाऱ्या मुलीसारख्या त्या पटापट बोलत राहिल्या, कारण बोलत राहिलं तर सुटका होईल असं त्यांना वाटत होतं.

सुटका झाली नाही. सव्वीसला बँक उघडल्यावर फोन चालू ठेवूनच जायचं आणि ठेव मोडून पडताळणीसाठी पाठवायची, असं वर्दीतल्याने ठरवून टाकलं. तोवर पहारा. रात्र बाईंनी दिवा चालू ठेवून खुर्चीतच काढली.

चोवीसला दुपारी पहाऱ्यावर दुसरा माणूस आला. तो दिसत नव्हता. पडदा काळा, नुसता आवाज. तिशी ओलांडलेला असावा. तोही हिंदीच बोलत होता, पण त्याच्या बोलण्यात हुकूम कमी होता. त्याच्यामागे कितीतरी माणसं एकाच वेळी फोनवर बोलत असल्यासारखी कुजबुज ऐकू येत होती.

मग त्याने विचारलं, “पीछे वो जो लगाया है, उसमें बच्चा कहाँ है?”

बाईंनी मागे वळून पाहिलं. झडती झाल्यावर मूर्ती त्यांनी टेबलावर तशाच उभ्या केल्या होत्या. मधली गव्हाण रिकामी होती.

“आमच्या घरी बाळ आज रात्री ठेवतात,” बाई म्हणाल्या. घाबरल्यामुळे त्या मराठीतच बोलून गेल्या. “तोपर्यंत जागा मोकळी ठेवायची.”

“आमच्या शाळेत तर पहिल्याच दिवशी ठेवत होते,” तो म्हणाला.

तोही मराठीतच बोलला होता.

“तुमची शाळा कुठली?”

ते न सांगता तो हळूच म्हणाला, “बाई, एक इचारू? नाताळ पंचवीसलेच काहून असते?”

हा प्रश्न बाईंना तेहतीस वर्षांत वर्गात शेकडो वेळा विचारला गेला होता. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते देताना त्यांचा आवाज दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ झाला.

“खरी तारीख कोणालाच माहीत नाही. जन्मानंतर तीनशे वर्षांनी रोममध्ये पंचवीस डिसेंबर धरली जाऊ लागली. कोणी म्हणतं, त्या सुमाराला तिथे सूर्याचा सण असायचा, दिवस मोठा व्हायला लागतो म्हणून. कोणी म्हणतं, पंचवीस मार्चला तो आईच्या पोटात आला असं धरून पुढे नऊ महिने मोजले. दोन्ही मतांना आधार आहे.”

“आणि हे गाय-बैल?”

“बैल आणि गाढव मूळ हकिकतीत नाहीतच. इटलीत एक साधू होऊन गेला, आठशे वर्षांपूर्वी. लोकांना वाचता येत नव्हतं. त्याने एका डोंगरातल्या गुहेत खरं गवत आणलं, खरी जनावरं उभी केली आणि लोकांना बोलावलं. बघा म्हणाला, असा उघड्यावर, असा थंडीत जन्मला. तेव्हापासून घरोघर देखावा मांडतात.”

“उघड्यावर बरं,” तो म्हणाला. “निघता तरी येते.”

बाईंना याचा अर्थ लागला नाही. त्यांनी विचारलं, “तुम्ही कुठे आहात?”

“ते नका इचारू,” तो म्हणाला.

साडेपाचला वर्दीतला माणूस पडद्यावर येऊन गेला. संध्याकाळी घराबाहेरून कसलाही आवाज आला तरी दार उघडायचं नाही, बाहेरच्या खोलीतला दिवा लावायचा नाही, असं बजावून तो जेवायला गेला. पडदा पुन्हा काळा झाला.

सहाच्या सुमारास खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मग तबला. मग कोणीतरी गिटारचा सूर जुळवून पाहिला. आपल्याच चर्चची मंडळी होती ती. सदरहून दरवर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघर गात फिरायची ही रीत बाईंच्या आजोबांच्या आधीपासूनची. ज्यांना चर्चमध्ये येववत नाही त्यांच्याकडे सण चालत जावा, असं बाईंचे वडील सांगत. या गाणाऱ्या मंडळाचं काम आता रविंद्र बघायचा. त्याच्या बायकोला, रितिकाला, बाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी बेशाला यायचं कबूल केलं होतं आणि बाई ते विसरूनच गेल्या होत्या.

पायऱ्यांवर चपलांचा आवाज वर येत गेला. बेल वाजली.

“बाई,” दाराबाहेरून रितिका म्हणाली. “आम्ही आलो.”

बाई हलल्या नाहीत. श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडावर धरला. बाहेर दोन-तीन जण काहीतरी बोलले, आणि मग त्यांनी गाणं सुरू केलं. दार उघडलं नाही तरी निदान गाऊन जावं असं त्यांना वाटलं असणार.

त्याच वेळी फोनमधला माणूस ओरडू लागला. आवाज इतका रागाचा होता की बाई दचकल्या. तो दम देत होता, टेबलावर हात आपटत होता. शब्द कळायला बाईंना वेळ लागला.

“बाई, मी रागानं बोलून राहिलो, पण शब्द आयका. माह्या मागं माणूस उभा आहे, त्याले मराठी-हिंदी समजत नाही. त्याले वाटते मी तुमाले धमकावून राहिलो. हे सारं खोटं आहे. इथं कोणी पोलीस नाही. वर्दी भाड्याची आहे. तुमच्यावर कोणती केस नाही.”

बाहेर पहिलं कडवं संपलं.

“मले नोकरी सांगून आणलं. पासपोर्ट काढून घेतला. फाटकावर बंदूकवाले आहेत. आम्ही दोनशे जण आहो एका मजल्यावर. काम नाही केलं तर मारतात. समजलं का? दार उघडा.”

ही परीक्षा असेल, असं बाईंना वाटलं. काल वर्दीतल्याने अशीच एक खेळी केली होती. फोनमधूनच बेलचा आवाज आला, ‘कुरिअर’ असं कोणीतरी ओरडलं, बाई अर्ध्या उठल्या, आणि लगेच त्याचं हसणं ऐकू आलं होतं. आता उठलं की गाडी येईल. रितिकाला उचलतील, रविंद्रला उचलतील. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“कोराडीले आनंदराव गजभिये राहतात,” तो त्याच रागाने ओरडला. “पाण्याच्या टाकीमागं. वीज केंद्रात राखेच्या लायनीवर होते, आता रिटायर झाले. त्यायले सांगा, अंकुश जित्ता आहे. एवढंच सांगा. दुसरं काई नको.”

बाहेर गाणं थांबलं. या मंडळाची एक पद्धत होती. शेवटचं कडवं दाराबाहेर गायचं नाही, ते घरात येऊन गायचं. म्हणून ते थांबले होते. आतून काही हालचाल होते का याची वाट बघत नऊ-दहा माणसं त्या अरुंद जागेत उभी असल्याचं बाईंना दाराआडून जाणवत होतं. कोणीतरी खोकललं. मग रविंद्रचा आवाज आला, “झोपल्या असतील. तबेत बरी नसन. चला, अजून तीन घरं आहेत.”

चपला वळल्या.

“बाई, ते चालले,” फोनमधला माणूस म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. ओरडायचं सोंग त्याच्याच्याने होईना. “मी उठू शकत नाही इथून. तुमी उठू शकता.”

बाई उठल्या. दारापर्यंतची दहा पावलं त्या भिंतीला धरून गेल्या. कडीवर हात ठेवला आणि दोन दिवसांच्या सवयीने मागे वळून विचारलं, “उघडू?”

“उघडा,” तो म्हणाला.

दार उघडलं तेव्हा मंडळी अर्धा जिना उतरली होती. रितिकाने वर पाहिलं. दोन दिवसांची तीच चुरगळलेली साडी, विस्कटलेले केस, मागे अंधारी खोली. बाईंनी आत बोट दाखवलं. रितिका धावत वर आली आणि आत गेली. पाण्याच्या जगाला टेकवलेल्या फोनवर तिला वर्दीतला माणूस दिसला. तो परत आला होता. तिच्याकडे बघून तो हिंदीत काहीतरी बोलायला लागला, पण मागे रविंद्र आणि बाकीची मंडळी आत शिरलेली त्याला दिसली आणि फोन बंद झाला.

बाईंना घेऊन त्यांनी पोलीस ठाणं गाठलं. तक्रार लिहून घेणारी महिला पोलीस शांत होती. अशा दिवसाला दोन-तीन केसेस येतात, तुम्ही वेळेत सुटलात, असं ती म्हणाली. प्रेमिलाबाईंनी तिला अंकुशचं सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं.

“पण तोही त्यांच्यातलाच ना?” तिने विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तोही अटकेतच आहे.”

त्या रात्री रितिकाने बाईंना आपल्या घरी नेलं. सकाळी उठल्यावर बाथरूमच्या दारापाशी उभ्या राहून बाईंनी कोणाला तरी मोठ्याने विचारलं, “जाऊ का?” मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तिथेच स्टुलावर बसल्या.

नाताळची उपासना संपल्यावर लोक एकमेकांना भेटत होते, करंज्या-चकल्यांची ताटं फिरत होती. बाईंनी रविंद्रला बाजूला घेतलं.

“मला कोराडीला जायचंय. आत्ता.”

“बाई, आज नाताळ आहे. उद्या जाऊ.”

“त्यांना कालच कळायला हवं होतं.”

रविंद्रने आणखी काही विचारलं नाही. कोळशाच्या ट्रकांच्या मागे मागे गाडी कोराडीला पोहोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्यांचं घर होतं. अंगणातल्या तुळशीच्या, झेंडूच्या पानांवर राखेचा पातळ थर बसलेला. आनंदराव सत्तरीचे, उंच, वाकलेले. बाहेर खाटेवर बसून ते लसूण सोलत होते. मुलगी दीप्ती दारात आली.

“अंकुश तुमचा मुलगा का?” बाईंनी विचारलं.

आनंदरावांचे हात थांबले. “हो.”

“त्याने निरोप दिलाय. जिवंत आहे म्हणून सांगितलंय.”

दीप्तीने दाराची चौकट धरली. आनंदरावांनी सोललेला लसूण नीट वाटीत ठेवला, वाटी खाटेखाली सरकवली आणि मग विचारलं, “त्यानंच सांगितलं? सोता?”

“स्वतः. काल संध्याकाळी.”

त्यांनी बाईंना आत नेलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली कॉम्प्युटर डिप्लोमा घेतानाचा अंकुशचा फोटो. दीप्तीने सांगितलं, सव्वा वर्षापूर्वी बँकॉकला डाटा एंट्रीची नोकरी म्हणून गेला. आधी दर रविवारी फोन यायचा, दोन मिनिटांचा, सगळं बरं आहे म्हणायचा. ऑगस्टपासून तोही बंद झाला. नेणारा एजंट गावातून गायब आहे. चार ठिकाणी अर्ज दिले, कोणी धड उत्तर देत नाही.

“आवाज कसा होता त्याचा?” आनंदरावांनी विचारलं.

बाईंनी खरं सांगितलं. तो ओरडत होता, पण ओरडायचं नाटक करत होता. त्याआधी दुपारी दोघं काय बोललो तेही सांगितलं.

“पंचवीसलेच काहून, असं इचारलं?” आनंदराव म्हणाले. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “त्याले लहानपणापासून तेच. मिशनच्या शाळेत होता गा तो. सिस्टर लोक वैतागायच्या त्याच्या काहूनले.”

बाईंना गाडीत बसल्यापासून एक गोष्ट सांगायची होती.

“मी दार उघडलं तेव्हा त्यांचा मोठा माणूस परत आला होता. त्याला सगळं कळलं असेल. माझ्यामुळे अंकुशला...”

दीप्ती रडत होती, आवाज न करता.

“तुमी उघडलं नसतं तर तो काय म्हणला असता मनात?” आनंदराव म्हणाले. “पोट्टं एवढं बोललं. आणि बाईनं आयकलंच नाही, असं झालं असतं ना.”

त्यांनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, लसणाची चटणी. बाईंनी दोन दिवसांनी पोटभर खाल्लं, आणि खाताना आपल्याला लाज वाटतेय हेही त्यांना कळत होतं.

सव्वीसपासून बाई आणि दीप्ती मिळून कचेऱ्यांच्या फेऱ्या मारू लागल्या. अर्ज बाई लिहीत, कारण त्यांची भाषा साहेबांना लवकर कळे. जिथून फोन आला तो नंबर बंद होता. एका साहेबाने सांगितलं, तुमच्या माणसावरच फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो, नीट विचार करून अर्ज द्या. बाईंनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि दार उघडायला अंकुशने कसं सांगितलं ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. साहेबाने ऐकलं, सही केली, कागद दिल्लीला जाईल म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटी परदेशातल्या अशा अड्ड्यांवरून सुटलेल्या काही जणांची तुकडी परतली. त्यात भंडाऱ्याचा एक जण होता. दीप्तीने त्याला शोधून काढलं आणि बाईंना फोनवर घेतलं. अंकुशला त्याने जानेवारीत पाहिलं होतं. एका हाताला प्लास्टर होतं. नंतर दुसऱ्या इमारतीत हलवलं, तिच्या खिडक्या इकडून दिसत नव्हत्या, त्यापुढचं माहीत नाही.

“चालत होता का?” बाईंनी विचारलं.

“चालत होता,” तो म्हणाला. “आमाले जेवण वाढायला लावलं होतं त्याले. एका हातानं वाढत होता.”

आनंदरावांना हे सांगायला बाई आणि दीप्ती दोघी बसने कोराडीला गेल्या. आनंदरावांनी दोनदा विचारलं, कोणता हात. उजवा की डावा. ते त्या माणसाला विचारायचं राहून गेलं होतं. दीप्तीने तिथूनच त्याला परत फोन लावला.